तळटीप : हेप्सिडिन
हेप्सिडिन : २५ अमिनो आम्लांचे, मुख्यतः यकृतात तयार होणारे पेप्टाइड संप्रेरक. आतड्यातून आणि पेशींतल्या साठ्यातून रक्तात येणारे लोह ते रोखते. त्याचे जनुक १९व्या गुणसूत्रावर आहे. शरीरात लोह वाढले की यकृतातील रक्तवाहिन्यांच्या अस्तरपेशी बीएमपी-६ हे प्रथिन सोडतात. त्याचा संदेश स्मॅड प्रथिनांमार्फत यकृतपेशींच्या केंद्रकात पोचतो आणि जनुकाची अभिव्यक्ती वाढते. जंतुसंसर्गात इंटरल्यूकिन-६ हेच काम स्टॅट-३ मार्फत करते. उलट, रक्तस्रावानंतर अस्थिमज्जेतील अपरिपक्व तांबड्या पेशी एरिथ्रोफेरोन स्रवतात. ते बीएमपी-६ ला अडवून जनुक मंदावते. लेखकाने येथे वर्णिलेला, लोहाच्या गोळ्यांना दाद न देणारा दीर्घ आजारातील रक्तक्षय बहुधा यांपैकी दुसऱ्या, म्हणजे इंटरल्यूकिन-६ च्या मार्गाने होतो : लोह साठ्यात असते, रक्तात उतरत नाही. – संपा.