ओट्याला कडप्पा की ग्रॅनाइट? आधी लिंबू पिळून बघा

घर दुरुस्तीला काढलं की ओट्याच्या दगडावर गाडी अडते. कडप्पा स्वस्त, पण तो चुनखडीचा दगड. लिंबू, चिंच, टोमॅटोचा रस सांडून राहिला की चकाकी जाते, डाग पुसून निघत नाहीत. संगमरवराचंही तेच. ग्रॅनाइट आंबटही सोसतो अन् गरम पातेलंही. कृत्रिम क्वार्ट्झ देखणा, मात्र त्यात रेझिन असतं. तापलेला तवा थेट ठेवू नये.

पॉलिश केलेला काळा कडप्पा ग्रॅनाइट म्हणून गळ्यात मारला जाऊ शकतो. म्हणून दुकानातून तुकडा मागून घ्या, लिंबाचे थेंब टाकून ३० मिनिटं ठेवा. पुसल्यावर तेवढीच जागा निस्तेज दिसली तर तो ग्रॅनाइट नव्हे. उंचीचं माप भाकरी थापणाऱ्या बाईला उभं करूनच घ्यावं आणि दगड बसवताना थोडा उतार सिंककडे ठेवायला मिस्त्रीला सांगावं.