हाफबॅकची नोंद : फोर्तुनातो फ्रँको आणि मुंबईचे गोवेकर

मराठीत क्रिकेटविषयी विपुल लेखन झाले आहे. कुस्ती आणि कबड्डी यांनाही आपापले लेखक लाभले. फुटबॉलच्या वाट्याला मात्र फार थोडे आले, आणि जे आले त्यातही गोल करणाऱ्यांचीच नावे ठळक दिसतात. बचाव करणाऱ्या खेळाडूचे काम मुळात काही घडू न देण्याचे असते. अडवलेला चेंडू धावफलकावर येत नाही, आणि जे घडलेच नाही त्याची नोंद कशी करावी, हा इतिहासलेखनापुढचा जुना पेच आहे. स्थलांतरित कुटुंबांच्या बाबतीतही असेच होते. गाव सोडलेल्याची नोंद गावात राहत नाही आणि नव्या शहराच्या इतिहासात ती सहसा शिरत नाही. हे दोन्ही प्रकारचे विस्मरण ज्यांच्या वाट्याला आले अशा एका खेळाडूचा, फोर्तुनातो फ्रँको यांचा, विचार आम्हांला येथे करावयाचा आहे.

फ्रँको मूळचे गोव्यातील बार्देश तालुक्यातल्या कोलवाळचे. लहानपणीच ते मुंबईस आले. या प्रवासाला आज आपण स्थलांतर म्हणतो. त्या काळी ते देशांतर होते. गोवा पोर्तुगीज सत्तेखाली होता आणि मुंबई आधी ब्रिटिशांच्या, मग स्वतंत्र भारताच्या अमलाखाली. तरीही पोट भरण्यासाठी गोवेकर पिढ्यान्‌पिढ्या मुंबईची वाट धरीत आले. जहाजावरचे खलाशी, स्वयंपाकी, वादक, शिंपी, कारकून अशा कितीतरी नात्यांनी ते या शहराशी बांधले गेले. धोबीतलाव, माझगाव या भागांत गावोगावच्या मंडळींनी आपापल्या ‘कूड’ स्थापन केल्या. स्वस्त निवारा, भिंतीशी वेदी, गावच्या संताचा सण आणि गावाकडची खबर, हे सारे तेथे एकत्र मिळे. या वस्त्यांनी मुंबईला संगीत दिले हे आपण जाणतो. फुटबॉल दिला हे तितकेसे सांगितले जात नाही.

त्या काळचा ‘व्यावसायिक’ खेळाडू आजच्यासारखा करारबद्ध नव्हता. मुंबईत रेल्वे आणि टाटांसारखे उद्योगसमूह आपले संघ बाळगीत. खेळाडूला कचेरीत नोकरी मिळे. पगार कामाचा, पण निवड पायांच्या कौशल्यावर. स्थलांतरित घरातल्या तरुणाला याचे मोल अधिक होते, कारण खेळामुळे त्याला शहरात नियमित वेतन आणि पत दोन्ही लाभत. फ्रँको यांची कारकीर्द याच व्यवस्थेत, प्रामुख्याने टाटांच्या संघात घडली. त्यांची जागा हाफबॅकची, म्हणजे बचावफळी आणि आघाडीची फळी यांच्यामधली. प्रतिस्पर्ध्याचा हल्ला तेथेच मोडायचा आणि हाती लागलेला चेंडू पुढच्यांना पोचवायचा. १९६३-६४ च्या हंगामात महाराष्ट्राने संतोष करंडक जिंकला, त्या संघात ते होते.

आता काळाचा क्रम पाहण्यासारखा आहे. १९५५ मध्ये गोव्यात शिरणाऱ्या सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळीबार केला. त्यानंतर भारताने निर्बंध कडक केले, रेल्वेवाहतूक थांबली आणि मुंबईकर गोवेकराला स्वतःच्या गावी जाणे दुष्कर झाले. १९६० मध्ये रोम ऑलिंपिकसाठी निवडलेल्या भारतीय संघात फ्रँको होते. प्रत्यक्ष खेळण्याची संधी त्यांना मिळाली नाही. परंतु भारताचा गणवेश त्यांच्या अंगावर आला तेव्हा त्यांचे जन्मगाव पोर्तुगालच्या नकाशात होते. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. त्यानंतर नऊ महिन्यांच्या आतच, ४ सप्टेंबर १९६२ रोजी, जकार्ता येथे भारताने दक्षिण कोरियाला २-१ असे हरवून आशियाई स्पर्धेचे सुवर्णपदक मिळवले. त्या संघात फ्रँको हाफबॅक होते. कोलवाळचा माणूस भारताकडून खेळतो यात आता कोणताही विरोधाभास उरला नव्हता. माणूस शहरात आधी रुजला होता. सीमारेषा मागाहून पुसली गेली.

त्याच संघात स्थलांतराची दुसरी, अधिक रक्तरंजित कहाणी वावरत होती. जर्नेल सिंग यांचा जन्म १९३६ साली लायलपूर भागातला. फाळणीत वयाच्या अकराव्या वर्षी ते निर्वासित म्हणून पूर्व पंजाबात आले, पुढे कलकत्त्याला गेले आणि मोहन बागानचे स्टॉपर म्हणून गाजले. जकार्त्यात थायलंडविरुद्धच्या सामन्यात त्यांचे डोके फुटले आणि टाके पडले. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी त्यांना उपांत्य आणि अंतिम सामन्यांत चक्क आघाडीला खेळवले. दोन्ही सामन्यांत त्यांनी गोल केला. अंतिम सामन्याची आठवण निघाली की पी. के. बॅनर्जी आणि जर्नेल सिंग ही दोन नावे येतात, कारण गोल त्यांचे. आशियातील सर्वोत्तम बचावपटूंत ज्यांची गणना झाली, त्या जर्नेल सिंगांनाही लोकस्मृतीत घर करण्यासाठी आपली जागा सोडून पुढे जावे लागले, ही गोष्ट आम्हांला अर्थपूर्ण वाटते.

मुंबईच्या गोवेकरांतही हेच घडले. टाटांचेच नेव्हिल डिसोझा यांनी १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये अशी हॅट्‌ट्रिक करणारे ते पहिले आशियाई. त्यांचे नाव निदान प्रश्नमंजूषेत तरी जिवंत आहे. फ्रँको जागचे हलले नाहीत. १० मे २०२१ रोजी, महासाथीच्या दिवसांत, गोव्यात त्यांचे निधन झाले तेव्हा वृत्तपत्रांनी त्यांची आठवण काढली. ती पुष्कळांना पहिल्यांदाच झालेली ओळख होती.

साहित्याच्या अभ्यासकांनी याची दखल का घ्यावी, असा प्रश्न येईल. आम्ही वणीत शिकवतो. उकणी, निलजई, कोलारपिंपरी येथील कोळसा खाणींनी या परिसरात परप्रांतांतून कामगार आणले. त्यांची मुले आमच्या वर्गांत मराठी वाचतात आणि घरी दुसरी भाषा बोलतात. स्थलांतरितांचे साहित्य शिकवताना आपण बहुधा वियोगाचे, हरवलेल्या गावाचे लेखन निवडतो. ते निवडावेच, पण त्यातून स्थलांतरित माणूस नेहमी मागे वळून पाहणाराच दिसतो. फ्रँको यांच्यासारखे चरित्र त्याची दुसरी बाजू दाखवते. आलेल्या माणसाने नव्या गावात एक जागा पत्करली आणि ती नेटाने सांभाळली. महाराष्ट्राचा संघ त्यांच्यासारख्यांनी उभा केला, तरी महाराष्ट्राच्या सांस्कृतिक इतिहासात त्यांना आपण गोव्याचे म्हणून वगळतो.

फ्रँको यांच्या पिढीतले थोडेच खेळाडू आता उरले असतील. मुंबईतल्या कुडींच्या वह्या, कंपन्यांच्या क्रीडाविभागांची दप्तरे, जुन्या दैनिकांची शेवटची पाने येथे अजून बरेच सापडू शकते. लघुप्रबंधासाठी विषय शोधणाऱ्या विद्यार्थ्यांना आम्ही हे काम सुचवू इच्छितो. कागद जीर्ण होत आहेत, म्हणून ते लवकर हाती घेतलेले बरे.