सोन्याचा पाळणा आणि निर्यातीचा हिशेब

'जालना सोने का पालना' ही म्हण आमच्याकडे उर्दू बोलणाऱ्यांच्याही तोंडी आहे आणि मराठी बोलणाऱ्यांच्याही. म्हणीतलं सोनं म्हणजे व्यापार, आणि त्या व्यापारात कापूस मोठा. १९०० च्या सुमारास मनमाड-सिकंदराबाद रेल्वे जालन्यातून धावू लागली आणि निजामाच्या राज्यातल्या कापसाला मुंबईची वाट सोपी झाली. घनसावंगीच्या शेतात आजही कापूस पिकतो. परदेशी गेलेल्या गाठीची किंमत इथे मिळाली. सूत, कापड आणि रंगाची कमाई मात्र तिकडे झाली.

स्वातंत्र्यानंतर हे चक्र उलटं फिरवायचं ठरलं. कच्चा माल बाहेरून आणायचा, काम इथे करायचं, तयार माल परदेशी पाठवायचा. १९६५ मध्ये कांडला आणि १९७३ मध्ये मुंबईत अंधेरीचं सीप्झ, ही निर्यात प्रक्रिया क्षेत्रं अशी उभी राहिली. सीप्झ सुरू झालं इलेक्ट्रॉनिक्ससाठी; १९८० च्या दशकाच्या अखेरीस तिथे दागिने आले आणि पुढे तीच त्याची ओळख झाली.

इथे प्रश्न येतो: शंभर रुपयांचा हार परदेशी गेला, तर देशात किती राहिले?

समजा, सोनं आणि हिरे मिळून ऐंशी रुपयांचे आहेत. त्यातलं साठ रुपयांचं सोनं थेट परदेशातून आलं. वरवर पाहता चाळीस रुपये आपले. पण वीस रुपयांचे हिरे सुरतहून घेतले, आणि सुरतेत पैलू पडलेला कच्चा हिरा मुळात परदेशी खाणीतला. त्या कच्च्या हिऱ्याचे सोळा रुपये धरले, तर उरतात चोवीस. त्यात मजुरी आहे, नफा आहे, वीज-भाड्याचा खर्चही आहे. मालक परदेशी असेल, तर नफ्याचा भाग पुन्हा बाहेर जाऊ शकतो. देशात निर्माण झालेलं मूल्य आणि देशवासीयांच्या हाती पडलेलं उत्पन्न, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हा माग काढायचं साधन वासिली लिओन्टिएफ यांनी दिलं. कोणत्या उद्योगात कुठल्या उद्योगाचा किती माल लागतो, याचा तक्ता त्यांनी मांडला. त्यासाठी त्यांना नोबेल मिळालं तेही १९७३ मध्येच. पण तक्त्यातही एक खड्डा आहे. देशातल्या बाजारासाठी चालणारा कारखाना स्थानिक माल जास्त वापरतो, निर्यात क्षेत्रातला आयात माल जास्त वापरतो. दोघांची सरासरी काढली, की निर्यातीतला आपला वाटा फुगलेला दिसतो. म्हणून दोघांचे तक्ते वेगळे करावे लागतात.

चीनमध्ये हे स्पष्ट दिसलं. २००९ च्या सुमारास सुमारे १७९ डॉलर उत्पादन खर्चाचा आयफोन चीनची निर्यात म्हणून नोंदला जाई. जोडणीपोटी चीनला मिळत साडेसहा डॉलर. पण चीन तिथे थांबला नाही. आयात सुट्या भागांऐवजी देशी भाग वापरात आले आणि २००० ते २००७ या काळात त्याच्या निर्यातीतला देशी वाटा ६५ वरून ७० टक्क्यांवर गेला.

आपल्याकडे अशा क्षेत्रातल्या कारखान्याला अट आहे ती पाच वर्षांत परकीय चलनाची निव्वळ कमाई शून्याच्या वर ठेवण्याची. ही अट एक रुपयानेही पूर्ण होते. म्हणून निर्यातीचा कोट्यवधींचा आकडा ऐकला, की पुढचे दोन प्रश्न विचारायला हवेत: यातलं इथलं किती? आणि त्यातलं कारागिराच्या हातात किती?