कळंबच्या माथ्यावरील हवाई वाहतूक

यवतमाळ जिल्ह्यातील कळंब हे गाव चिंतामणी गणेशाच्या देवस्थानामुळे विदर्भभर परिचित आहे. परंतु ते नागपूरच्या नैऋत्येला सुमारे शंभर किलोमीटरवर, म्हणजे देशाच्या मध्यभागी एकमेकांना छेदणाऱ्या हवाई मार्गांच्या परिसरात वसलेले असल्यामुळे हवाई वाहतुकीच्या इतिहासाशीही त्याचा संबंध पोहोचतो. 1949 साली सुरू झालेल्या रात्रीच्या हवाई टपालसेवेत मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली विमाने नागपूरला एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करीत आणि रात्रीच माघारी फिरत. त्यांतील मुंबईचे विमान वऱ्हाडावरून येत-जात असे. या विमानांमधील अंतर राखले जाई ते वेळापत्रक, नेमून दिलेली उंची आणि रेडिओवरील संभाषण यांच्या आधारे.

दिवसा उडणाऱ्या लहान विमानांचा भरवसा मात्र वैमानिकाच्या डोळ्यांवरच होता, आणि ‘पाहा व टाळा’ हा नियम आजही रद्द झालेला नाही. त्याची मर्यादा साध्या हिशेबाने कळते: ताशी 200 किलोमीटर वेगाने समोरासमोर येणारी दोन विमाने पाच किलोमीटरचे अंतर अवघ्या 45 सेकंदांत संपवतात, तर समोरचे विमान दिसल्यापासून ते ओळखून, निर्णय घेऊन आपले विमान प्रत्यक्ष वळेपर्यंत सुमारे साडेबारा सेकंद जातात, असे अमेरिकी हवाई प्रशासनाने मानले आहे. गोंदियाजवळच्या बिरसी येथे, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील धावपट्टीवर वैमानिक घडवले जातात, आणि अशा प्रशिक्षणतळाभोवती एकाच वेळी अनेक नवशिके आकाशात असतात, तेव्हा हा हिशेब फार महत्त्वाचा ठरतो.

डोळ्यांच्या मदतीला यंत्र आले ते अपघातांमागून. 31 ऑगस्ट 1986 रोजी कॅलिफोर्नियातील सेरिटोस येथे एक लहान पायपर विमान प्रवासी विमानावर आदळून 82 जण मृत्युमुखी पडले. रडारच्या प्रश्नाला आपोआप उत्तर देणाऱ्या यंत्राला ट्रान्सपाँडर म्हणतात; त्या लहान विमानातील ट्रान्सपाँडर उंची कळवणारा नव्हता. भारतात 12 नोव्हेंबर 1996 रोजी चरखी दादरीवर दोन मोठी विमाने एकमेकांवर आदळून 349 माणसे दगावली आणि त्यानंतर प्रवासी विमानांत टक्कररोधक यंत्रणा बंधनकारक झाली. ही यंत्रणा महाग व जड असल्याने हलक्या विमानांपर्यंत ती क्वचितच पोहोचली.

ती उणीव भरून काढली एडीएस-बी या पद्धतीने, जिच्यात प्रत्येक विमान उपग्रहांच्या साहाय्याने स्वतःचे स्थान ठरवून ते उंचीसह सतत प्रक्षेपित करते आणि जवळची विमाने ते थेट ऐकू शकतात. भारतीय विमानतळ प्राधिकरणाने यासाठी नागपूरसह अनेक ठिकाणी ग्रहणकेंद्रे उभारली. तथापि कळंबवरून जमिनीपासून हजार फुटांवर उडणारे विमान पृथ्वीच्या गोलाईमुळे नागपूरच्या केंद्राच्या टप्प्यात सहसा येत नाही. तेथे उपयोगी पडते ते विमानाने विमानाचे ऐकणे, आणि म्हणूनच अशी ऐकलेली विमाने दाखवणाऱ्या, वैमानिकासमोरच्या पडद्याचे महत्त्व केंद्रापासून दूरच्या प्रदेशात अधिक आहे.

परंतु हे ऐकणे उपकरणे अद्ययावत असण्यावर अवलंबून असते. ग्लायडर म्हणजे इंजिनाविना तरंगणाऱ्या विमानांसाठी स्वित्झर्लंडमध्ये 2004 साली आलेल्या ‘फ्लार्म’ या टक्कर टाळण्यास मदत करणाऱ्या उपकरणाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. त्याची रेडिओभाषा बदलली की जुनी आज्ञावली ठेवणारा वैमानिक इतरांना दिसेनासा होतो व इतर त्याला, त्यामुळे ठरावीक मुदतीत सर्वांनीच ती बदलणे भाग असते. अद्ययावत करण्याचे काम या अर्थाने सामुदायिक आहे, मालकाच्या सोयीवर सोडण्यासारखे नाही. विमानाचा ओळखक्रमांक चुकीचा भरला गेला किंवा उपग्रहाधारित स्थान सदोष असले, तर पडदा चुकीची ग्वाही देतो, आणि चुकीची ग्वाही ही ग्वाही नसण्यापेक्षा घातक असते. शिवाय ज्या विमानात प्रक्षेपकच नाही ते या पडद्यावर उमटतच नाही. म्हणून उड्डाणापूर्वीच्या तपासणीत इंधन व तेल यांच्याबरोबरच या उपकरणाची आज्ञावलीही तपासली जावी, आणि उड्डाणात वैमानिकाची नजर पडद्यापेक्षा काचेबाहेर अधिक काळ असावी.