फळ्यावरची नावं

दुपारची भांडी उरकून बसला असाल, नाहीतर मांडीवर निवडायची मेथी असेल. हात चालू राहू द्या. आमचं बोलणं कानानं ऐकायचं आहे.

आमच्या तालुक्याच्या गावाबाहेर एक वृद्धाश्रम आहे. आमच्या निरनिराळ्या गटांतल्या अकरा जणी तिथं कामाला जातात. दोघी स्वयंपाकात, दोघी धुण्यावर, बाकीच्या आया म्हणून. आश्रमाच्या दारातून आत गेलं की डाव्या हाताला संगमरवरी पाटी दिसते. तिच्यावर देणगी देणाऱ्यांची नावं रकमेसकट कोरलेली आहेत. तिच्या शेजारी एक काळा फळा. त्यावर खडूनं रोजची खबरबात लिहितात. डॉक्टर कधी येणार, कोणत्या आजीचा वाढदिवस, आजचं गोड जेवण कुणाकडून. आणि खाली कामावरच्या बायांचं: दिवसपाळीला कोण, रात्रपाळीला कोण, कोण रजेवर गेली, कोण नवीन लागली, कुणी काम सोडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी फळा पुसतात आणि नवं लिहितात.

दोन वर्षांपूर्वी आमच्या एका गटातल्या मावशींनी तिथलं काम सोडलं. चौदा वर्षं केलं होतं. लेकीच्या गावाजवळ राहायला जायचं होतं आणि तिकडच्या एका दवाखान्यात आयाची जागा होती. दवाखान्यानं अनुभवाचा दाखला मागितला. मावशी आश्रमात गेल्या, तर उत्तर आलं की तुमचा पगार व्हाऊचरवर निघायचा, तुमचं नाव मस्टरवर कधी नव्हतंच. सही करणारे आधीचे व्यवस्थापक सोडून गेलेले, आताच्यांना जुनं ठाऊक नाही. चौदा वर्षं ज्या फळ्यावर नाव होतं, तो तर रोज पुसला जात होता.

मावशींचं काय झालं ते शेवटी सांगतो. आधी थोडं मागं जाऊ. आम्ही बी.ए.ला इतिहास घेतला होता, तेव्हा राजे आणि लढाया पाठ केल्या. आजाऱ्याला आणि म्हाताऱ्याला कुणी उचललं, याचा इतिहास त्या पुस्तकांत नव्हता. तो नंतर तुकड्या-तुकड्यानं वाचत गेलो.

जुन्या काळी म्हातारपण घरातच जायचं, हे आपण कौतुकानं सांगतो. घरात जायचं म्हणजे कुणाच्या तरी अंगावर जायचं. ती बहुधा सून असायची, नाहीतर घरातली विधवा. लहान वयात नवरा गेलेली आत्या, नणंद, चुलती. केस काढलेली, एकवेळ जेवणारी, आणि घरातल्या सगळ्या आजारपणांना, बाळंतपणांना उपयोगी पडणारी. तिला पगार नव्हता. तिच्या कामाला काम म्हणायचीही पद्धत नव्हती.

मग संस्था आल्या. पुण्यात १८६० नंतरच्या दहा वर्षांत दोन गोष्टी घडल्या. डेव्हिड ससून हे मूळचे बगदादचे, मुंबईत स्थायिक झालेले ज्यू व्यापारी. त्यांच्या देणगीतून पुण्यात निराधार आणि पंगू माणसांसाठी आश्रयस्थान उभं राहिलं. आज ‘निवारा’ म्हणून ओळखला जाणारा वृद्धाश्रम तोच. ससून रुग्णालयही त्यांच्याच देणगीचं, ते १८६७ साली सुरू झालं. दीडशे वर्षं उलटली तरी ससून हे नाव पुण्यात रिक्षावाल्यालासुद्धा माहीत आहे. चांगलंच आहे, ज्यानं पैसा दिला त्याचं नाव राहावं. पण तिथल्या पहिल्या म्हाताऱ्यांना अंघोळ घालणाऱ्या, त्यांची अंथरुणं धुणाऱ्या बायांपैकी एकीचंही नाव आम्ही वाचलेल्या पुस्तकांत आम्हाला भेटलं नाही.

दुसरी गोष्ट त्याच शहरातली, १८६३ ची. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी आपल्या घरातच बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसवल्या गेलेल्या विधवांनी इथं येऊन सुखरूप बाळंत व्हावं, अशा जाहिराती भिंतींवर लावल्या. त्या बाळंतिणींचं सगळं सावित्रीबाई स्वतः बघत. तिथंच जन्मलेला काशीबाईंचा मुलगा यशवंत त्यांनी दत्तक घेतला, तो पुढं डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात यशवंतरावांनी हडपसरजवळ दवाखाना थाटला, तेव्हा सावित्रीबाई रोग्यांना तिथं पोचवायला धावत होत्या. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. आपण त्यांना पहिली शिक्षिका म्हणतो, ते खरंच आहे. पण मरण आलं ते सेवेच्या कामावर आलं. आजच्या भाषेत सांगायचं तर ड्यूटीवर.

इथं सावित्रीबाईंचं नाव राहिलं, कारण संस्था काढणारी आणि काम करणारी बाई एकच होती. असं क्वचित होतं.

आता रमाबाई रानड्यांकडे येऊ, कारण आपल्या आया-सिस्टरच्या कामाची वाट तिथून जाते. न्यायमूर्ती रानडे १९०१ साली वारले. रमाबाई तेव्हा चाळिशीच्या आत होत्या. काही वर्षांनी, १९०९ ला, त्यांनी गोपाळ कृष्ण देवधरांच्या साथीनं पुण्यात सेवासदन सुरू केलं. आधी शिकवणं, शिवण, असलं. मग १९११ च्या सुमारास सेवासदनच्या बायकांना ससून रुग्णालयात नर्सचं शिक्षण द्यायला सुरुवात झाली, आणि तिथं गडबड उडाली.

का उडाली ते आपल्याला सांगायला नको. आमच्याच एका गटात गेल्या वर्षी हेच झालं. पंचविशीतली सून आश्रमात आया म्हणून लागणार होती. सासूबाई बैठकीत येऊन म्हणाल्या, “परक्या म्हाताऱ्यांचं गू-मूत काढायला आमच्या घरातली बाई जायची नाही.” शंभर वर्षांपूर्वीच्या पुण्यात हेच शब्द थोड्या सोवळ्या भाषेत बोलले गेले असतील. परक्या पुरुषाला हात लावायचा, रात्री घराबाहेर राहायचं, कुठल्याही जातीच्या माणसाचं रक्त, घाण हाताळायची. तोवर या कामात बहुतेक ख्रिस्ती किंवा अँग्लो-इंडियन बाया असत. ब्राह्मण घरातली विधवा तिथं जाणार, ही कल्पनाच लोकांना सोसेना. रमाबाई घरोघर जाऊन आईबापांची, सासऱ्यांची समजूत घालत. शिकणाऱ्या बायांच्या राहण्याची सोय लावली, म्हणजे रात्रपाळीवरून लोकांनी तोंड उघडायला नको. त्यांची एक आठवण सांगतात. सेवासदनच्या कार्यक्रमात केशवपन केलेली एक तरुण विधवा बक्षीस घ्यायला व्यासपीठावर आली, तर बघायला आलेल्या विद्यार्थ्यांनी तिची हुर्यो केली. रमाबाई उभ्या राहिल्या आणि शिकल्या-सवरलेल्या त्या पोरांना भर सभेत खडसावलं.

रमाबाईंचं नाव राहिलं, तिकीट निघालं. त्या बक्षीस घेणाऱ्या मुलीचं नाव मात्र गोष्टीत येत नाही. गोष्ट तिची, नाव सांगणाऱ्यांच्या लक्षात नाही!

आणखी एक बोलायलाच हवं, नाहीतर हा इतिहास अर्धा राहील. विधवा नर्स झाल्या, त्याचं कौतुक आपण करतो. पण त्याच दवाखान्यांत भांडं उचलणं, मोरी धुणं, घाण वाहणं हे काम जातीवर वाटलेलं होतं. ते ज्यांच्या वाट्याला आलं त्यांची कुणी समजूत घालायला गेलं नाही, कारण त्यांना विचारलंच नव्हतं. माणसानं मैला वाहण्याविरुद्ध देशात पहिला कायदा झाला तो १९९३ साली. आजही आश्रमात नवीन बाई लागली की तिला कुठलं काम द्यायचं हे कधीकधी आडनाव ऐकून ठरतं. आमच्या अकरा जणींत हे घडलेलं आहे. बायांनीच बायांशी केलेलं आहे, आणि आम्ही बैठकीत ते नावानिशी बोललो, तेव्हा दोन महिने दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या.

एक नाव मात्र आपल्यापर्यंत आलं, आणि कसं आलं ते बघा. पार्वतीबाई आठवले. विसाव्या वर्षी विधवा झाल्या. महर्षी कर्व्यांच्या पत्नी बाया यांची ही बहीण. पुण्याजवळ हिंगण्याच्या विधवाश्रमात त्यांनी स्वयंपाकापासून देखरेखीपर्यंत सगळं केलं. मग आश्रमासाठी गावोगाव वर्गणी मागत फिरल्या. इंग्रजी धड येत नसताना १९१८ ला अमेरिकेला गेल्या आणि तिथं लोकांच्या घरी घरकाम करून राहिल्या. भांडी घासली. परत येऊन त्यांनी हे सगळं ‘माझी कहाणी’ या पुस्तकात लिहिलं, १९२८ साली ते छापलं. संस्थेच्या अहवालात त्यांचं काय आणि किती आलं असतं कोण जाणे. त्यांनी स्वतः लिहिलं म्हणून भांडी घासल्याचंसुद्धा आज आपल्याला ठाऊक आहे.

स्वातंत्र्याच्या वर्षी, १९४७ ला, भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला. नर्सचं शिक्षण ठरलं, नोंदणी ठरली. आज सिस्टरला नोंदणी क्रमांक असतो. ती कुठंही गेली तरी तो तिच्याबरोबर जातो. आयाला असा क्रमांक नाही. रात्री दर दोन तासांनी अंथरुणाला खिळलेल्या आजोबांची कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. हे काम बहुतेक ठिकाणी आयाच करते, आणि तिच्या हाताला हे वळण कुठल्या कॉलेजात लागलं याचा कागद नसतो. १९४८ चा किमान वेतन कायदा जिथं लागू झाला, तिथं मालकानं हजेरी-पगाराचं रजिस्टर ठेवलं पाहिजे असं त्यात होतं. व्हाऊचर आलं ते त्यातूनच पळवाट म्हणून. २००७ साली आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आला. त्यात म्हटलंय की सरकारनं टप्प्याटप्प्यानं वृद्धाश्रम काढावेत, सुरुवातीला प्रत्येक जिल्ह्यात निदान एक, किमान दीडशे निराधार वृद्धांची सोय होईल असा. दीडशे माणसं! कूस बदलणारे हात किती लागतील, हे आमच्या आयांना विचारलं असतं तर त्यांनी बोटांवर मोजून सांगितलं असतं.

आता मावशींचं.

त्या रडतच आमच्याकडे आल्या होत्या. आम्हालाही सुचेना. मग आमच्यातल्याच एकीच्या डोक्यात आलं की गटाची जुनी दप्तरं काढू. आपल्या पंचसूत्रीत नियमित नोंदी आहेत ना, त्याचा आम्ही सगळ्या कंटाळा करतो. पण त्या दिवशी त्या वह्याच कामी आल्या. मावशींची बचत महिन्याच्या सात-आठ तारखेला जमा व्हायची, म्हणजे पगार झाल्यावर. अंतर्गत कर्जाच्या दोन अर्जांवर लिहिलं होतं: व्यवसाय, वृद्धाश्रमात आया, परतफेड, पगारातून. इतिवृत्तात एका ठिकाणी होतं की त्या रात्रपाळीमुळे गैरहजर. करोनात, मार्च २०२० नंतर, आश्रमानं बायांना आतच राहायला सांगितलं होतं. तेव्हाच्या इतिवृत्तात पाच जणींची नावं होती, कोण किती दिवस आत होती त्यासकट, कारण त्यांचे हप्ते आम्ही पुढं ढकलले होते. हे सगळं झेरॉक्स करून आम्ही विश्वस्तांना भेटलो. भांडायला गेलो नव्हतो. वह्या टेबलावर ठेवल्या आणि बसून राहिलो. विश्वस्तांनी पानं चाळली, जुन्या व्हाऊचरची फाइल मागवली, आणि आठवड्यानं दाखला दिला.

दाखला आठ वर्षांचा मिळाला. चौदाचा नाही.

आधीच्या सहा वर्षांची व्हाऊचरं सापडली नाहीत, आणि आमच्या वह्यांतही काही नव्हतं. गट तर तेव्हाही होता. मावशी पहिल्या बैठकीपासूनच्या सभासद. पण त्या सहा वर्षांत व्यवसायाच्या रकान्यात त्यांच्या नावापुढं ‘गृहिणी’ असं लिहिलेलं निघालं. एका पानावर ‘मजुरी’. अक्षर आमचंच होतं. तेव्हा नव्यानं लागलो होतो, यादी भराभर भरायची असायची, बाईला विचारत कोण बसतं?

मावशींनी ते पान बघितलं. म्हणाल्या, “बाई, त्या साली मी चार जणांना मांडीवर जाऊ दिलंय. आणि तुम्ही लिहिलंत गृहिणी.” पुढं काही बोलल्या नाहीत. दवाखान्यानं आठ वर्षं धरून पगार लावला, तो चौदा धरून लागला असता त्यापेक्षा कमी.

तेव्हापासून दर महिन्याच्या बैठकीत अकरा जणी फळ्यावरचं सांगतात आणि आम्ही वहीत उतरवतो: कोण कुठल्या पाळीला, कोण नवीन लागली, कुणी सोडलं, पगार बँकेत आला की हातात. नवीन वहीच्या पहिल्या पानावर मावशींनी तोंडी सांगितलेली ती सहा वर्षं लिहिली आहेत, २००९ पासून. त्याखाली त्यांची सही आहे आणि आमची. दाखला म्हणून ते पान कुठं चालणार नाही, हे त्यांनाही माहीत आहे. त्यांनी त्याचा फोटो मात्र मोबाइलमध्ये काढून नेला.

आणि ती पंचविशीतली सून? ती लागली कामाला. सध्या रात्रपाळीला आहे.