पंचतीर्थीचा एक दिवस

परक्या शहरात उतरायचे आणि सूर्यास्तापूर्वी तेथील ‘पाहण्यासारखे’ सारे पाहून घ्यायचे, ही धावपळ आगगाडीच्या युगाने आणली असे आपण सहसा मानतो. या समजुतीला आधारही आहे. लंडनच्या जॉन मरे यांची युरोपप्रवासाची मार्गदर्शिका १८३६ साली निघाली. १८४१ मध्ये टॉमस कुक यांनी लेस्टरहून लफबरोला सहलीची खास गाडी नेली. आणि जर्मन प्रकाशक बेडेकर यांच्या पुस्तकांतील तारांकनाने काय चुकवू नये हेही ठरून गेले. तरीही काशीची पंचतीर्थी ही समजूत अपुरी ठरवते.

स्कंदपुराणाच्या काशीखंडात ज्या पाच तीर्थांचे माहात्म्य आहे, त्यांची यात्रा एका दिवसात करण्याची रूढी आहे. तिचा क्रम असा: असी, दशाश्वमेध, आदिकेशव, पंचगंगा आणि शेवटी मणिकर्णिका. नकाशा पाहिला तर हा क्रम गैरसोयीचा वाटेल. काशीत गंगा उत्तरवाहिनी आहे. असी दक्षिण टोकाला, तर आदिकेशव उत्तर टोकाला, वरणासंगमावर. म्हणजे यात्रेकरू मणिकर्णिका आणि पंचगंगा मागे टाकून पुढे जातो आणि मग उलट दिशेने परततो. मार्गदर्शिकेचा लेखक असा फेरा कधीच सुचवणार नाही. त्याला पावले वाचवायची असतात. येथे मात्र आधी क्षेत्राच्या दोन्ही सीमांना स्पर्श करून मगच मध्यावर यायचे आहे. घाई दोन्हीकडे आहे. भेद आहे तो क्रमाच्या हेतूचा.

दुसरा भेद ‘पाहणे’ या क्रियेचा. पंचगंगेवर गंगा, यमुना, सरस्वती, किरणा आणि धूतपापा यांचा संगम मानतात. डोळ्यांना दिसते ती एकटी गंगा. तारांकनाच्या पद्धतीत न दिसणाऱ्या चार नद्यांना जागा कोठून मिळणार?

मराठी प्रवासलेखन वाचताना हे ध्यानात घेणे अगत्याचे आहे. यात्रेकरूंच्या लेखनात स्थलवर्णन त्रोटक असते, अशी तक्रार आपण करतो, तेव्हा नकळत मार्गदर्शिकेचेच माप लावत असतो. विष्णुभट गोडसे १८५७ च्या धामधुमीत उत्तरेत होते. त्यांचा ‘माझा प्रवास’ १९०७ साली प्रसिद्ध झाला आणि आज तो प्रामुख्याने झाशीच्या हकिकतीसाठी वाचला जातो. परंतु गोडसे भटजी लुटालुटीतून वाचून परतले ते गंगेची कावड घेऊन, आईवडिलांना त्या पाण्याने स्नान घालण्यासाठी. त्यांच्या दृष्टीने प्रवासाची सांगता तेथे होती. ही कावड बाजूला ठेवून केवळ बंडाची साक्ष तेवढी वेचून घेतली, तर भटजींच्या पुस्तकातून आपल्याला हवी तेवढीच स्थळे पाहून आपण परततो.