जुन्या मोटारसायकलचा इंजिन क्रमांक कसा पडताळावा?

वाळूजचा बजाज कारखाना १९८५ साली सुरू झाला आणि औरंगाबाद, म्हणजेच आजचे छत्रपती संभाजीनगर, दुचाकी उत्पादनाच्या नकाशावर आले. अशा शहरात जुनी बुलेट, येझदी वा राजदूत हौसेने घेणाऱ्याने टाकीच्या चकाकीला भुलण्यापूर्वी क्रँककेसवरील क्रमांक पाहावा.

जुन्या गाड्यांवर हा क्रमांक पोलादी पंचांनी ठोकलेला असतो. भोवती घासल्याच्या रेघा, खोलगट भाग किंवा एखादाच निराळ्या वळणाचा अंक दिसला, तर संशयाला जागा आहे. रंगाखाली क्रमांक दडला असेल, तर रंग काढायला लावण्यात संकोच नको. पेन्सिलीने कागदावर ठसा घ्यावा आणि नोंदणी पुस्तकाशी अक्षरन्अक्षर ताडून पाहावा. चासी क्रमांकही सोडू नये. अंक घासून काढले, तरी ठोक्याने खालचा धातू दबलेला असतो. न्यायवैद्यक प्रयोगशाळेत रसायन लावून पुष्कळदा तो क्रमांक पुन्हा वाचता येतो.

क्रमांक जुळला नाही म्हणजे गाडी चोरीचीच, असे मात्र नव्हे. तडकलेल्या क्रँककेसच्या जागी दुसरे बसवलेले असू शकते. पण त्या बदलाची आरटीओत नोंद हवी; नसेल, तर निस्तरण्याची वेळ नव्या मालकावर येते.

२०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षे उलटलेली, मूळ स्वरूपातील गाडीच ‘विंटेज’ ठरते. इंजिनातील मोठे फेरफार तेथे चालत नाहीत. १९८६ साली आलेल्या कावासाकी बजाज केबी १०० ला त्यासाठी २०३६ ची वाट पाहावी लागेल.